एका सत्राचा परदेशवास : जपानी भाषेचा अभ्यास आणि आपला शिक्षण निधी

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



व्याख्यात्याने आपला अधिकार प्रथम सांगावा, असा शिष्टसंप्रदाय आहे. आमचा अधिकार अल्पच आहे. आमचे शिक्षण मॅट्रिकपलीकडे गेले नाही. तालुक्याच्या गावी मराठी शाळेत मुलांकडून मुळाक्षरे गिरवून घेण्यात आमची हयात गेली. जपान देश आम्ही पाहिलेला नाही. परंतु आमच्या धाकट्या बंधूंची कन्या पुण्यास जपानी भाषा शिकली आणि क्योतो येथील एका विद्यापीठात एक सत्र, म्हणजे सप्टेंबरअखेरपासून जानेवारीअखेरपर्यंत, राहून आली. दर रविवारी तिने फोनवर सांगितलेला वृत्तांत, तिच्या वह्या आणि त्या निमित्ताने आम्ही केलेले वाचन, एवढ्या भांडवलावर आजचे हे बोलणे आहे.

विषय निवडण्यास कारणही तसेच घडले. आपल्या शिक्षण निधीतून अशा एका सत्राच्या परदेशी अभ्यासास साहाय्य द्यावे की नाही, हा प्रश्न कार्यकारिणीपुढे आहे. कित्येक वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे की, ज्यातून पदवी मिळत नाही, नोकरीची हमी नाही, तो अभ्यास नव्हे, देशाटन होय. आणि देशाटनासाठी गरीब विद्यार्थ्यांच्या तोंडचा पैसा का द्यावा? आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर भावनेने न देता विचाराने दिले पाहिजे.

प्रथम, तेथे शिकावयाचे काय असते ते पाहू. जपानी भाषेस हिरागाना आणि काताकाना अशा दोन अक्षरमाला असून प्रत्येकीत मूळ अक्षरे ४६ आहेत. शिवाय चीनमधून आलेली कांजी ही चिन्हे आहेत. नित्य व्यवहारासाठी तेथील शासनाने २०१० साली अशी २,१३६ चिन्हे निश्चित केली. त्यांपैकी १,०२६ प्राथमिक शाळेतील मुलांना शिकावी लागतात. हे आकडे ऐकून छाती दडपते खरी. परंतु अक्षरमालेचा क्रम ऐकावा : आ, इ, उ, ए, ओ, पुढे का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. प्रथम स्वर, मग कंठापासून ओठांकडे येणारी व्यंजने, अखेरीस य, र, व! आम्ही तीस वर्षे फळ्यावर लिहीत आलो तोच हा क्रम नव्हे काय? बौद्ध भिक्षूंनी संस्कृत मंत्रांसाठी सिद्धम् लिपीचा अभ्यास केला, त्या अभ्यासातून हा क्रम तेथे रुजला. दक्षिण भारतातील बोधिसेन नावाचा भिक्षू इसवी सन ७३६ मध्ये जपानात पोहोचला आणि ७५२ मध्ये नारा येथील तोदाइजी मंदिरातील महाबुद्धाच्या मूर्तीचे नेत्रोन्मीलन त्याच्या हस्ते झाले. ज्ञानाची ही देवघेव आजची नाही.

वाक्यरचनेतही मराठी मुलास मोठी सोय आहे. 'वाताशी वा होन ओ योमिमासु', म्हणजे 'मी पुस्तक वाचते'. कर्ता आधी, कर्म मध्ये, क्रियापद शेवटी. आपले 'चा' तसे त्यांचे 'नो', आपले 'ला' तसे त्यांचे 'नि'. दोन्ही नामाच्या मागूनच लागतात. इंग्रजी शिकताना आपल्या मुलास वाक्य उलटे करावे लागते. येथे ते कष्ट नाहीत. आदरार्थी बोलण्याचा संस्कारही आपणास उपजत आहे. आपण 'ये', 'या', 'यावे' असा भेद करतो. जपानी माणूस त्याही पुढे जाऊन क्रियापदच बदलतो. साधे खाणे 'ताबेरु', थोरांचे खाणे 'मेशिआगारु' आणि स्वतःचे नम्रपणे सांगावयाचे तर 'इतादाकु'.

यावर कोणी म्हणेल, हे सर्व पुण्यात शिकता येते, मग परदेशी जाण्याचे प्रयोजन काय? व्याकरण येथे शिकता येते, आणि ते येथेच शिकून जावे. परंतु भाषेचा अर्धा अर्थ तिच्या व्यवहारात असतो. समोरचा माणूस 'हाइ' म्हणाला म्हणजे तो कबूल झाला असे नव्हे. पुष्कळदा आपल्या 'हं'प्रमाणे 'ऐकतो आहे' एवढाच त्याचा आशय असतो. 'चोत्तो', म्हणजे 'जरा', एवढेच बोलून तो थांबला तर ते नाही समजावे. आपल्याकडे 'बघू' म्हणणाऱ्याचे मन आपण ओळखतोच ना? ही ओळख कोशात मिळत नाही, माणसांत राहून मिळते.

आणि माणसांत राहिल्यावर परकेपणा किती गळून पडतो, याचे एक उदाहरण सांगतो. आपल्या घरातून निघताना 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावे, असे आजीने प्रत्येकास शिकविले आहे. जपानी मनुष्य घरातून निघताना 'इत्ते किमासु' म्हणतो. त्याचा शब्दशः अर्थ 'जाऊन येतो' असाच आहे! घरातील मंडळी उत्तर देतात, 'इत्ते राश्शाइ', म्हणजे 'जाऊन या'. आमच्या पुतणीच्या वसतिगृहातील वृद्ध व्यवस्थापक बाई तिला रोज सकाळी असा निरोप देत. चार महिने तिने तो ऐकला, आणि त्या दिवसांत घराची आठवण कमी झाली नसली तरी ती सुसह्य झाली, असे ती सांगते.

शिक्षक म्हणून आमच्या मनात विशेष भरले ते तेथील शाळांचे वळण. वर्ग आणि व्हरांडे मुले स्वतः झाडतात, पुसतात. प्राथमिक शाळेत दुपारचे जेवणही पाळीपाळीने मुलेच वाढतात. श्रमास कमीपणा न मानण्याचा हा पाठ कोणत्याही पुस्तकाहून मोठा आहे.

अडचणीही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. शाकाहारी कुटुंबांनी ध्यानात ठेवावे की, वरून निरामिष दिसणाऱ्या सारातही बहुधा माशाचा अर्क असतो. स्वयंपाक स्वतः करता आलाच पाहिजे. खर्चाचे म्हणाल, तर दोन विद्यापीठांत विद्यार्थी विनिमयाचा करार असल्यास शिक्षणशुल्क बहुधा आपल्याच विद्यापीठात भरावे लागते. निवास, भोजन आणि प्रवास हा खर्च आपला. विद्यार्थ्यास अनुमती घेऊन आठवड्यास २८ तासांपर्यंत अर्धवेळ काम करता येते. परंतु कामासाठी अभ्यास बुडाला तर जाणेच व्यर्थ. जपान सरकार १९५४ पासून परदेशी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देत आहे. त्यांची चौकशी मुंबईतील वाणिज्य दूतावासाकडे वेळीच करावी.

आणखी एक शंका उघड सभेत बोलली जात नाही, ओट्यावर बोलली जाते. मुलगी एकटी परदेशी राहून आली तर ती आपली राहील काय? तिचे लग्न जमेल काय? १८७१ साली जपानने पाच मुलींना अमेरिकेस शिक्षणासाठी पाठविले. त्यांतील त्सुदा उमेको सहा वर्षांची होती. १८८२ मध्ये ती परतली तेव्हा मातृभाषा विसरली होती. तिने ती पुन्हा शिकली आणि १९०० साली स्त्रियांसाठी विद्यालय काढले. आज जपानच्या पाच हजार येनच्या नोटेवर तिचे चित्र आहे. अकरा वर्षे दूर राहिलेली मुलगी देशाची राहिली. मग चार महिन्यांत आपली मुलगी परकी कशी होईल? इकडे महर्षी कर्वे यांच्या हाती तोक्योच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका आली, आणि त्या वाचनातून १९१६ साली पुण्यास महिला विद्यापीठ उभे राहिले. एका पुस्तिकेने जर एवढे घडविले, तर डोळ्यांनी पाहून आलेल्या मुलीकडून आपण काहीच अपेक्षू नये काय?

म्हणून आमची नम्र सूचना अशी. वैद्यकीय व अभियांत्रिकीच्या गरजू विद्यार्थ्यांच्या रकमेस हात न लावता, दरवर्षी एका मुलास अथवा मुलीस अशा सत्रासाठी बिनव्याजी, परतफेडीचे साहाय्य द्यावे. अट पहिली, जपानी भाषेच्या मान्य परीक्षेतील पाच श्रेणींपैकी किमान खालच्या दोन, म्हणजे एन-५ व एन-४, त्याने येथेच उत्तीर्ण केलेल्या असाव्यात. ही परीक्षा पुण्यासही होते. अट दुसरी, जाणे विद्यापीठाच्या करारानेच व्हावे, दलालामार्फत नव्हे. अट तिसरी, परतल्यावर त्याने एक वर्ष दर रविवारी मंडळाच्या सभागृहात ज्ञातीतील मुलांना विनामूल्य शिकवावे. आमच्या पुतणीने निधीचा एक पैसाही घेतलेला नाही. तिसरी अट मात्र तिने आपण होऊन स्वीकारली आहे. येत्या वर्षप्रतिपदेपासून तिचा वर्ग सुरू होईल.

ज्ञातीचा निधी हा पूर्वजांच्या घामाचा पैसा आहे. तो जपून वापरावा, यात दुमत नाही. परंतु पैसा जपणे म्हणजे तो कुलपात ठेवणे नव्हे. बी कणगीत ठेवूनही टिकते. पीक मात्र शेतात टाकलेल्या बियाण्याचेच येते. कार्यकारिणीने या सूचनेचा साधकबाधक विचार करून निर्णय घ्यावा, अशी प्रार्थना आहे.