दर्यावरील पूर्वज आणि त्यांचे सोबती
(महोत्सवप्रसंगी केलेले भाषण)



सिल्वासाहून समुद्र दिसत नाही. तरी आपल्या मुलुखाचा इतिहास समुद्राशी बांधलेला आहे. १७७२ साली मराठी आरमाराकडून पोर्तुगीजांच्या 'सांताना' जहाजाची हानी झाली. तिच्या भरपाईपोटी, १७७९ च्या तहान्वये, १७८३ साली नगर हवेलीचा महसूल पोर्तुगीजांकडे गेला. मराठी आरमारात कोळी, भंडारी आणि मुसलमान खलाशी एकाच डोलकाठीखाली राबत.

ही संगत त्याहूनही जुनी. १६७९ साली खांदेरी बेटावर मायनाक भंडारी तटबंदी उभारीत असता, इंग्रजांशी झुंजावयास दौलतखान आरमार घेऊन आला. पुढे १९४६ च्या फेब्रुवारीत मुंबईस नाविकांनी बंड केले, तेव्हा त्यांच्या समितीचे अध्यक्ष एम. एस. खान व उपाध्यक्ष मदनसिंग होते.

आडनावांतही ही संगत उतरली आहे. सारंग, तांडेल, नाखवा हे मूळचे नावेवरचे हुद्दे. आम्हा कोकणी मुसलमानांत ही आडनावे आढळतात, तशीच ती किनाऱ्यावरील हिंदू घरांतही आढळतात. म्हणून नुसत्या आडनावावरून पूर्वज शोधू जाल तर फसाल. गाव, बापाचे नाव आणि जहाजाचे नाव, ही तिन्ही जुळली पाहिजेत.

आजोबांच्या पेटीतील सेवापुस्तक, पगाराची चिठ्ठी, सोबत्यांबरोबरचा फोटो टाकून देऊ नका. फोटोच्या पाठीमागे नावे असतील तर त्या घरांना पत्र घाला. खलाशी महिनोन् महिने घराबाहेर राही. त्याचे दिवस घरच्यांपेक्षा सोबत्यांनीच अधिक पाहिलेले. आपल्याकडे विसरलेली हकीकत तिकडे सापडण्याचा संभव असतो.

दुसऱ्या महायुद्धात कामी आलेल्या सहा हजारांहून अधिक हिंदी नाविकांची व खलाशांची नावे एका स्मृतिग्रंथात नोंदलेली आहेत. त्याची एक प्रत मुंबईच्या खलाशीगृहात आहे व दुसरी चितगावास. आज ती दोन शहरे दोन देशांत आहेत; यादी मात्र एकच आहे.

आमची सूचना एवढीच: या महोत्सवी वर्षी संस्थेने एक वही ठेवावी. प्रत्येक कुटुंबाने तीत आपल्या दर्यावर्दी पूर्वजाचे नाव लिहावे, आणि शेजारी त्याच्या एका सोबत्याचे, मग तो कोणत्याही जातीधर्माचा असो. जाणती माणसे हयात आहेत तोवरच हे काम होणार आहे.