जर्मन भाषा : नेहमीचे प्रश्न आणि आपली मराठी

(चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतील बाडेन-वुर्टेनबर्ग हे राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळ पुरविण्यासंबंधी करार झाला. प्रारंभी १०,००० तरुणांचे उद्दिष्ट ठरविण्यात आले. परिचारिका, वीजतंत्री, वाहनचालक, उपाहारगृहातील कर्मचारी अशा व्यवसायांचा त्यात समावेश होता. त्यामुळे एके काळी पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयांपुरते असलेले जर्मन भाषेविषयीचे प्रश्न आता अहेरी-सिंदेवाहीच्या पालकांनाही विचारावेसे वाटले, तर नवल नाही. गावातील मुलगी सल्ला विचारावयास प्रथम आपल्याकडेच येणार. यास्तव त्या प्रश्नांची उत्तरे आपणांस ठाऊक असणे अगत्याचे आहे.

पहिला प्रश्न लिंगाचा. जर्मन नामापूर्वी 'डेअर', 'डी' किंवा 'डास' लागते, ते कसे ओळखावे? इंग्रजी भाषकाला याचे भय वाटते. मराठी माणसाला वाटण्याचे कारण नाही. तो, ती, ते ही तीन लिंगे आपण पाळण्यापासून वापरतो. मात्र शब्दांचे लिंग दोन्ही भाषांत जुळेलच असे नाही. चमचा दोन्हीकडे पुल्लिंगी. परंतु आपला काटा पुल्लिंगी, तर जर्मन काटा स्त्रीलिंगी, आणि आपली सुरी तेथे नपुंसकलिंगी आहे. मुलगी या अर्थाचा 'मेडशेन' हा शब्द नपुंसकलिंगी कसा, असे विद्यार्थी हटकून विचारतात. 'शेन' हा लघुत्व दाखविणारा प्रत्यय लागला की जर्मन नाम नपुंसकलिंगी होते, एवढेच त्याचे कारण. आपणही 'ते लेकरू', 'ते वासरू' म्हणतोच. 'उंग', 'हाइट', 'काइट' या प्रत्ययांनी संपणारी नामे स्त्रीलिंगी असतात. बाकीचे शब्द 'डेअर-डी-डास'सह पाठ करावेत, हाच राजमार्ग.

येथे आपल्या जिल्ह्यांविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. गोंडी-माडिया भाषेत पुरुषवाचक नामे एका गटात, तर स्त्रिया, प्राणी आणि वस्तू दुसऱ्या गटात येतात. भामरागड-एटापल्लीकडील मूल मराठी बोलताना 'ती'च्या जागी 'ते' म्हणते, त्याचे मूळ येथे आहे. त्यात बुद्धीची उणीव नाही. उलट, घरी माडिया, शाळेत मराठी आणि बाजारात हिंदी बोलणाऱ्या मुलाला एका भाषेतून दुसरीत जाण्याचा सराव लहानपणीच झालेला असतो. चौथी भाषा शिकताना ही त्याची शिदोरी होय.

दुसरा प्रश्न विभक्तीचा. जर्मनमध्ये चार विभक्ती आहेत. आपण 'माणूस' या शब्दाचे सामान्यरूप करून 'माणसाला' म्हणतो. जर्मन भाषा बहुधा नामाला हात लावीत नाही, त्यापूर्वीचा शब्द बदलते. 'डेअर मान' म्हणजे माणूस. 'डेम मान' म्हणजे माणसाला. ज्या शिक्षकाने मराठी विभक्ती समजावून दिली आहे, त्याने जर्मनचा निम्मा पाया घातलाच आहे.

तिसरा प्रश्न वाक्यरचनेचा. 'मी आज चंद्रपूरला जातो' यात क्रियापद शेवटी येते. जर्मनच्या साध्या विधानात ते दुसऱ्या स्थानी येते : 'इश फारं हॉयटं नाख चंद्रपूर'. वाक्याचा आरंभ 'आज'ने केला तरी क्रियापद आपले दुसरे स्थान सोडीत नाही. कर्ताच त्याच्या मागे जातो. परंतु गौण वाक्यात, म्हणजे 'कारण', 'की', 'जर' यांच्या पुढे, क्रियापद शेवटी जाते. इंग्रजी भाषक तेथे अडखळतो. आपल्याला ती रचना घरचीच वाटते.

चौथा प्रश्न अंकांचा. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'सोबत 'वीस एक' असे वाचन आले, तेव्हाचा वाद शिक्षकांना आठवत असेल. जर्मन भाषा एकवीसच्या बाजूची आहे. 'आइन-उन्ट-त्स्वान्त्सिश' म्हणजे एक आणि वीस. ऐकून लिहिताना मात्र सावध असावे. औषधाची मात्रा २४ ऐवजी ४२ लिहिली गेली, तर ती केवळ व्याकरणाची चूक राहत नाही.

पाचवा प्रश्न उच्चाराचा. 'चूल' आणि 'चमचा' यांतील आपला च जर्मनमध्ये जागोजागी भेटतो. वेळ या अर्थाचा 'त्साइट' हा शब्द त्यानेच सुरू होतो. ओठ 'ऊ'साठी गोल करून 'ई' म्हटले, की एक अपरिचित जर्मन स्वर साधतो. इंग्रजीशी दिसणारे साम्य मात्र फसवे असते. जर्मनमध्ये 'गिफ्ट' म्हणजे विष, 'शेफ' म्हणजे वरिष्ठ आणि 'बेकोमेन' म्हणजे मिळणे.

सहावा प्रश्न आदराचा. 'डू' म्हणजे तू आणि 'झी' म्हणजे आपण. हा भेद आपल्याला शिकवावा लागत नाही. पण एक सवय मोडावी लागते. आपली परिचारिका वृद्ध रुग्णाला प्रेमाने 'आजी' म्हणेल. तेथे अनोळखी वृद्धेला तसे संबोधणे अनादराचे मानले जाते. 'फ्राउ' आणि आडनाव, हीच तेथील शिष्ट रीत आहे.

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा : किती दिवस लागतील? भाषेच्या ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा पायऱ्या आहेत. परिचारिकेला तेथे पूर्ण मान्यता मिळण्यास सर्वसाधारणपणे चौथी, म्हणजे बी-२ ही पायरी लागते. गटे इन्स्टिट्यूटच्या अंदाजाप्रमाणे ती गाठण्यास ४५ मिनिटांच्या ६०० ते ८०० तासिका लागतात. रोज दोन तासिका धरल्या, तरी ही सुमारे एका वर्षाची मेहनत आहे. तीन महिन्यांत भाषा आणि नोकरी दोन्ही देतो असे सांगून पैसे मागणारा मनुष्य खरे बोलत नाही, हे या एका हिशेबावरून उघड होते.

म्हणून पंचायत सदस्यांना विनंती आहे की, कोणत्याही कुटुंबाने शेत गहाण ठेवण्यापूर्वी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. मुलाने कोणती पायरी पूर्ण केली? तिची परीक्षा मान्यताप्राप्त केंद्रात झाली काय? त्याच्या व्यवसायाच्या प्रमाणपत्राला तेथे मान्यता आहे काय? शिक्षकांनी मुलांची मराठी पक्की करावी आणि घरच्या गोंडी-माडियाला वर्गात मान द्यावा. सर्वच मुले परदेशी जाणार नाहीत, तशी अपेक्षाही नाही. परंतु जे जाऊ इच्छितात त्यांनी फसून परत येऊ नये. आणि जे राहतील त्यांनाही आपली भाषा किती समर्थ आहे हे कळावे, एवढे आपल्या हाती निश्चित आहे.