फोड : एक शब्द, दोन लिंगे



तापी खानदेशातून वाहत येते आणि इथे हजीऱ्याजवळ समुद्राला मिळते. जळगाव, धुळे, नंदुरबारची माणसेही सुरतेत आली, लिंबायत-उधन्यात राहिली, कारखान्यांत नि बांधकामांवर राबू लागली. म्हणून आज इथे बोलताना मी राबत्या हाताचा एक शब्द निवडला आहे : फोड.

हा शब्द पुल्लिंगी असला की कातडीवर येतो, स्त्रीलिंगी असला की ताटात. ‘हाताला फोड आले’, पण ‘आंब्याच्या फोडी केल्या’. वर्गात आपण संधीची फोड करतो, तीही स्त्रीलिंगीच. साऱ्यांचे मूळ संस्कृत ‘स्फुट्’ धातूत, म्हणजे फुटणे, उमलणे. भर्तृहरीच्या व्याकरणविचारातला ‘स्फोट’ याच धातूचा. तळहातावर फुगलेली कातडी आणि मनात उमलणारा अर्थ अशी एका कुळातली निघतात.

बोलीभाषेने या कुळाशेजारी बारीक भेद राखले आहेत. नवी चप्पल चावली, फावडे घासले, वाफेने पोळले, की फोड येतो. त्यात पाणी असते. तीच जागा रोज घासत राहिली की घट्टा पडतो. पू धरून ठणकू लागले की गळू किंवा बेंड. तोंडात झाले तर नुसते ‘तोंड आले’.

आणि आपण लेकराला तळहाताच्या फोडासारखे जपतो. या वाक्प्रचारात अनुभवाचे शहाणपण आहे. फोडाखाली नवी, कोवळी कातडी तयार होत असते. वरचे पातळ आवरण तिला जंतूंपासून राखते. म्हणून डॉक्टरही सांगतात, फोड फोडू नका.

आता हजीऱ्यातली अडचण पाहा. भट्टीजवळ भाजलेला मराठी कामगार हिंदीत सांगतो, ‘फोडा आया है’. हिंदीत ‘फोड़ा’ म्हणजे बहुधा पुवाचे गळू. त्याला म्हणायचे असते ‘छाला’, गुजरातीत ‘फोल्लो’. उलट गुजराती सहकारी ‘फोड पाडो’ म्हणाला, तर तो फक्त खुलासा मागत असतो. ऐकणाऱ्याने भाजल्याचा फोड गळू समजला, तर भाजले कशाने, केव्हा, हे विचारायचेच राहून जाते. शब्द चुकला तर दुखणे चुकते.

शब्दकोशात अर्थ मिळतो; पण तो शब्द शेजारच्या भाषेत गेल्यावर कुणाला काय ऐकू येते, हे तिथे क्वचितच लिहिलेले असते. ती नोंद सुरतेतच होऊ शकते. इथल्या मराठी शाळांतल्या शिक्षकांना माझी विनंती आहे : मुलांना घरी विचारायला सांगा, बाबांच्या हाताला काय झाले, ते कामावर कोणत्या शब्दात सांगितले आणि समोरच्याने काय समजून घेतले. तीन भाषांचे तीन रकाने आखा. भाषा तळहाताच्या फोडासारखी जपायची, तर आधी तळहाताकडे पाहावे लागेल.