कवटीचा हिशेब



आमच्या देवळीत अजूनही काही जुनी मातीची घरं आहेत. भिंती हातभर जाड. आतल्या खोलीत कुणी गात असेल, तर दारातून आवाज खणखणीत येतो, भिंतीतून दबून येतो. बाहेरच्यानं भिंतीचा विचार केला नाही, तर तो म्हणेल, गाणाऱ्याचा गळाच बसलाय. मेंदूच्या तपासणीतही अशी गल्लत होऊ शकते. आज त्याबद्दल बोलायचं आहे.

मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. या विषयाकडे वळलो तो माझ्या आपामुळं. तिला लहानपणची गाणी पाठ, पण सकाळी चहा घेतला की नाही, हे आठवेना. नागपूरच्या डॉक्टरांनी पेट-सीटी करायला सांगितलं. मेंदू किती साखर घेतो ते पाहणार, असं कळल्यावर आपा म्हणाली, ‘‘माझी शुगर तर नॉर्मल आहे!’’

पेट तपासणीत किरणोत्सारी खूण लावलेली साखर शिरेतून देतात. मेंदूचा जो भाग जास्त काम करतो, तो ती जास्त घेतो. त्या खुणेमुळं ५११ किलो इलेक्ट्रॉन व्होल्टचे दोन गॅमा किरण एकाच वेळी विरुद्ध दिशांना निघतात आणि डोक्याभोवतीचं कडं ती जोडी टिपतं. मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ साली ही सोय सुरू झाली. देशातली ती पहिली.

पण जोडीतला एक किरण जरी वाटेत अडला, तरी जोडी मोजली जात नाही. डोक्याच्या मधोमध जाणाऱ्या रेषेवर पाचांतली साधारण एकच जोडी सुखरूप बाहेर पडते. हरवलेल्या जोड्यांचा हिशेब करून आकडा भरून काढावा लागतो. यालाच क्षीणनाची दुरुस्ती म्हणतात.

पेटला सीटी जोडलेला असला की हे सोपं जातं. सीटीचे क्ष-किरण हाड किती अडवतं, ते मोजूनच देतात. पेच पडतो तो पेटला एमआरआय जोडलेल्या यंत्रात. त्याचे फायदे मोठे आहेत. मेंदूचे बारकावे स्पष्ट दिसतात आणि सीटीचा किरणोत्सर्ग टळतो. पण एमआरआय ऐकतो तो मुख्यतः पाण्यातल्या नि चरबीतल्या हायड्रोजनचा आवाज. कठीण हाडातला आवाज सेकंदाच्या हजाराव्या भागाच्याही आत विझतो. हवेत तर तो जवळपास नसतोच. त्यामुळं चित्रात कवटीही काळी आणि नाकामागची हवेची पोकळीही काळी. हवा किरणांना जाऊ देते. हाड मात्र पाण्याच्या जवळजवळ दीडपट अडवतं. दोन्ही गप्प, पण दोन्हींचं गप्प राहणं वेगळं.

हाड हिशेबात धरलंच नाही, तर कवटीलगतच्या भागातले आकडे दहा-वीस टक्क्यांनीही कमी येऊ शकतात. खोलवर ही तूट कमी असते. म्हणून सगळं चित्र सरसकट उजळून भागत नाही. अल्झायमरमध्ये साखर कमी घेणारे बरेचसे भाग कवटीजवळचेच. म्हणजे हाडाची चूक रोगासारखी दिसण्याचा धोका. कुणाच्या आईचं, कुणाच्या भावाचं पुढचं आयुष्य त्या आकड्यावर ठरायचं असतं.

यावर उपाय निघाले आहेत. एक, आवाज विझण्याआधीच तो टिपणारा अतिजलद एमआरआय. दुसरा, अनेकांच्या सीटी-एमआरआयच्या जोड्या पाहून या रुग्णाची कवटी कशी असेल, याचा अंदाज बांधणं. आता हाच अंदाज संगणकाला शिकवून त्याच्याकडूनही करून घेतात. २०१७ साली अशा अकरा पद्धतींची तुलना प्रसिद्ध झाली. संपूर्ण मेंदूचा विचार करता त्यांची सरासरी चूक पाच टक्क्यांच्या आत होती.

मात्र अंदाज बहुतेकांच्या डोक्यावरून बांधलेला असतो. ज्याच्या कवटीची शस्त्रक्रिया झाली आहे, जिथं हाड काढलंय किंवा पट्टी बसवलीय, तिथं तो फसू शकतो. म्हणून घरच्या माणसाला अशा तपासणीला नेताना जुना अपघात, जुनं ऑपरेशन, शरीरातला धातू, सगळं आधी सांगा. जुने कागद सोबत न्या. दुसऱ्यांदा तपासणी करायची झाली, तर पहिली कोणत्या यंत्रावर झाली, तेही सांगा. आणि एका रंगीत चित्रावरून माणसाबद्दल निकाल देऊ नका. डॉक्टरही तसा देत नाहीत. ते रुग्णाशी बोलतात, घरच्यांना विचारतात, मग चित्राकडे पाहतात.