तांबेऱ्याची भाषा

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी विषय विचारला तेव्हा आम्ही 'रस्ट' असे उत्तर दिले. पत्रिकेत तो 'गंज' असा छापून आला. त्यामुळे लोखंडाच्या व्यापारातली काही मंडळी मोठ्या आशेने पहिल्या रांगेत बसलेली दिसतात. त्यांची आम्ही आधीच क्षमा मागतो. रस्ट हे संगणकाच्या एका भाषेचे नाव आहे, आणि तेही लोखंडाच्या गंजावरून पडलेले नाही. पिकावर पडणारा तांबेरा, त्या बुरशीचे हे नाव. निपाणी-चिकोडीकडे ज्यांच्या घरी सोयाबीन होते त्यांना तांबेरा किती चिवट असतो हे सांगावयास नको. भाषेच्या जनकाला तो चिवटपणाच हवा होता.

त्या गृहस्थांचे नाव ग्रेडन होअर. कॅनडातील व्हँकुव्हर शहरात ते एकविसाव्या मजल्यावर राहत. २००६ साली एके दिवशी ते घरी आले तो इमारतीची लिफ्ट बंद. तिच्यातली आज्ञावली कोलमडली होती, आणि असे पूर्वीही झाले होते. जिना चढता चढता त्यांच्या मनात आले की लिफ्टसारखी साधी गोष्ट चालवणारी आज्ञावलीही न कोसळता चालू नये, हे काय! फावल्या वेळात त्यांनी नवी भाषा मांडावयास घेतली. पुढे ते ज्या मोझिला संस्थेत काम करीत तिने २००९ पासून या उद्योगाला आधार दिला, आणि १५ मे २०१५ रोजी पहिली पक्की आवृत्ती बाहेर आली. २०२२ च्या डिसेंबरात लिनक्सच्या गाभ्यातही या भाषेला जागा मिळाली.

आता हा विषय न्यासाच्या महोत्सवात कशाला, असे कोणी विचारील. न्यास संगणकाच्या विद्यार्थ्यांना फीची मदत करतो, आणि रविवारी याच सभागृहात त्यांचा वर्ग भरतो. तो वर्ग आम्ही घेतो. मराठी माध्यमातून आलेली ही मुले या भाषेच्या पहिल्या आठवड्यात ज्या प्रश्नांपाशी अडतात, त्यांची उत्तरे पालकांनाही ठाऊक असावीत, एवढाच आमचा हेतू. कारण मुलगा घरी येऊन "हे मला जमणारे नाही" असे म्हणतो, तेव्हा पुढचा निर्णय आपणच घेता.

मोबाईलवर आपण जी कामे करतो त्यांच्या खाली एक पाया असतो. यंत्राची स्मृती वाटून देणे, फाईल उघडणे, जाळ्यावरून आलेली अक्षरे उतरवून घेणे ही कामे तो पाया करतो. त्यासाठी जी भाषा वापरतात तिला सिस्टिम्सची भाषा म्हणतात. १९७२ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी घडविलेली 'सी' ही या घराण्यातली वडीलधारी. सी माणसावर पूर्ण विश्वास टाकते. स्मृतीत जागा मागितलीत, घ्या. काम झाल्यावर ती परत करणे तुमच्याकडे. परत करायला विसरलात, दोनदा परत केलीत, किंवा परत केलेल्या जागेत पुन्हा लिहिलेत, तरी ती बहुधा चकार शब्द काढीत नाही. अशा चुकांची किंमत पुढे कोणीतरी मोजतो. २०१४ साली 'हार्टब्लीड' नावाचा दोष उघडकीस आला. पाठविलेल्या मजकुरापेक्षा जास्त स्मृती वाचून ती परक्याच्या हाती देणारी ती चूक होती, आणि तिने जगभरच्या संकेतस्थळांची गुपिते उघडी पाडली. मायक्रोसॉफ्टने २०१९ साली सांगितले की ते दरवर्षी जे सुरक्षेचे दोष दुरुस्त करतात त्यांपैकी सुमारे ७० टक्के याच जातीचे असतात. तेथे काही अडाणी माणसे कामाला नाहीत.

रस्टने यावर जो उपाय काढला तो आपल्या लोकांना परका वाटू नये. तो मालकीचा उपाय आहे. स्मृतीतल्या प्रत्येक वस्तूला एक आणि एकच मालक. मालकाची हद्द संपली की वस्तूही आपोआप विसर्जित. मालकी दुसऱ्याच्या नावे केली की पहिल्याचा हक्क संपला. एखाद्याने सकाळी शेताचे खरेदीखत करून दिले आणि संध्याकाळी तोच नांगर घेऊन त्या शेतात उतरला, तर जे होईल तेच येथे होते. फरक इतकाच की तंटा कोर्टात जाण्याआधी, आज्ञावली चालू होण्याच्याही आधी, कंपायलर त्याला बांधावरच अडवतो. कंपायलर म्हणजे आपले लिखाण यंत्राच्या बोलीत उतरवून देणारा कारकून. नवशिक्याची पहिली तक्रार हमखास येथली असते: "सर, नाव दुसऱ्या नावाला दिले, आता पहिले चालत नाही, पण आकडा दिला तेव्हा दोन्ही चालली!" बरोबर आहे. आकडा म्हणजे बाजारभाव. तो दुसऱ्याला सांगितल्याने सांगणाऱ्याजवळचा जात नाही. अक्षरांची लांब माळ ही शेतासारखी, ती एकाच्याच नावे राहते.

दर वेळी मालकी देण्याची गरज नसते. वस्तू उसनीही देता येते, आणि उसनवारीचा नियम न्यासाच्या खातेवहीसारखा आहे. वही कितीही जणांनी एकत्र बसून वाचावी. पण मुनीमजी तीत लिहीत असतील तेव्हा दुसऱ्या कोणी ती वाचू नये, लिहूही नये. वाचणारे अनेक किंवा लिहिणारा एक, दोन्ही एकाच वेळी नाहीत. आमच्या घरात 'अमानत' हा शब्द आहे. दुसऱ्याची वस्तू आपल्याजवळ असणे म्हणजे काय, तिचे काय करता येते आणि काय नाही, हे त्या शब्दाबरोबर लहानपणीच कळते. वर्गात आम्ही हाच शब्द वापरतो. अमानत घेणारा मालकापेक्षा जास्त काळ वस्तू धरून ठेवू शकत नाही, हेही मुलांना न सांगता उमजते. त्या काळमर्यादेसाठी भाषेत जी खूण आहे, अक्षराच्या आधी टोचलेल्या टिंबासारखी, तिला पाहून मुले फार घाबरतात. तिच्याकडे पहिले दोन महिने पाहूच नये.

आता कंपायलरच्या बोलण्याविषयी, कारण खरी गळती येथे होते. गेल्या वर्षी खानापूरकडची एक विद्यार्थिनी तीन आठवडे वर्गाला आली नाही. चौकशी करता कळले की पडद्यावर लाल अक्षरांत इंग्रजीचा लोंढा येतो आणि तो आपली अक्कल काढतो आहे अशी तिची समजूत झाली होती. शाळेत लाल शाई कशासाठी वापरतात हे आम्हां शिक्षकांइतके कोणास ठाऊक! पण त्या लोंढ्यातले शब्द मूठभरच असतात आणि तेच पुन्हा पुन्हा येतात. 'मूव्ह्ड' म्हणजे मालकी गेली. 'बॉरोड' म्हणजे उसने दिले आहे. 'एक्स्पेक्टेड' हे, 'फाउंड' ते, म्हणजे मागितले शेर आणि दिलेत वार. त्याखाली फाईलचे नाव आणि ओळीचा क्रमांक. त्याखाली आपलीच ओळ, तिच्यावर खुणा: येथे मालकी गेली, आणि गेल्यावर येथे वापर झाला. शेवटी बहुधा 'हेल्प' म्हणून उपाय सुचविलेला असतो. चुकीला क्रमांकही असतो, जसा मघाच्या खरेदीखताच्या तंट्याचा ई-०३८२. तो क्रमांक 'एक्स्प्लेन' या आज्ञेसह पुन्हा कंपायलरला दिला की तो उदाहरणासकट स्पष्टीकरण देतो. इतका समजूतदार कारकून आम्ही तरी दुसऱ्या कचेरीत पाहिला नाही. त्या मुलीने वहीत दोन रकाने आखले, डावीकडे संदेश आणि उजवीकडे त्याचे मराठी. सध्या तीच वही वर्गात हातोहात फिरते. एक युक्ती मात्र सर्वांनी ध्यानात ठेवावी. दहा चुका दिसल्या तर पहिली तेवढी दुरुस्त करावी. मागच्या अनेक तिच्या पोटच्या असतात, त्या तिच्याबरोबर जातात.

यंत्र कसले हवे? जुने चालते. विंडोजवर भाषेबरोबर मायक्रोसॉफ्टची बांधणीची अवजारे लागतात आणि ती काही जीबी भरतात, म्हणून मोबाईलच्या इंटरनेटवर ती उतरवू नयेत, सभागृहात या. घरी यंत्रच नसेल तर 'प्लेग्राउंड' नावाचे संकेतस्थळ आहे, त्यावर मोबाईलमधूनही लहान आज्ञावली चालवून पाहता येते. डिस्क भरली अशी ओरड झाली की 'टार्गेट' हे खाते पाहावे. 'कार्गो क्लीन' म्हटले की ते रिकामे होते. आणि "रस्ट वेगवान म्हणतात, माझे का रेंगाळते?" असे विचारणाऱ्याने 'रिलीज' हा शब्द जोडून बांधणी केली आहे का ते आधी तपासावे.

पहिली आज्ञावली कोणती लिहावी, यावर आमचे मत ठाम आहे. कॉलेजात सी शिकवताना साखळीयादी करून घेतात, म्हणून मुले येथेही तीच करू जातात. दोन्ही बाजूंनी एकमेकांचा हात धरलेल्या कड्यांच्या साखळीत मालक कोण, हे ठरवताना जाणतेही दमतात. त्यापेक्षा मदत घेणाऱ्या विद्यार्थ्यांची यादी वाचून कोणत्या तालुक्यातले किती, ही मोजदाद करा. मालकीचा तंटा सुटेना तर 'क्लोन' म्हणून सरळ नक्कल काढा. यात स्मृती थोडी जास्त खर्च होते, आणि काही विद्वानांना ते आवडत नाही. बोटांवर मोजणाऱ्या मुलाची बोटे आम्ही पहिल्या दिवशी बांधीत नाही.

'नमस्ते' या शब्दाची एक गंमत सांगतो. या भाषेचे जे मुख्य पुस्तक आहे, जे विनामूल्य वाचता येते, त्यात हाच शब्द नागरी लिपीत छापलेला आहे. त्याची लांबी किती? यंत्राच्या हिशेबाने १८ बाइट. सांकेतिक चिन्हांच्या हिशेबाने ६, कारण हलन्त आणि मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. पुस्तक म्हणते, अक्षरे ४. आपले बालवाडीतले पोर म्हणेल न, म, स्ते, तीन! आणि २०२३ साली युनिकोडने जोडाक्षरे न तोडण्याचा जो नियम केला त्याप्रमाणे पोराचेच खरे. इंग्रजी माध्यमातल्या मुलाला हा धडा रुक्ष वाटतो, आमच्या मुलांना तो घरचा वाटतो. २०२१ पासून वस्तूंना नावेही नागरीत देता येतात. बाकीचे खास शब्द इंग्रजीच राहतात.

आधी सी शिकलेच पाहिजे का? सक्ती नाही. परंतु ज्याने सीमध्ये महिनाभर हात पोळून घेतले आहेत त्याला रस्टची शिस्त जाचक वाटत नाही. पुस्तक जुने असले तरी भिऊ नये. भाषेच्या २०१५, २०१८, २०२१ आणि २०२४ अशा 'एडिशन' आहेत, आणि जुन्या एडिशनमध्ये लिहिलेले आजही चालते.

राहिला पालकांचा प्रश्न, नोकरीचा. नवख्याला केवळ रस्टवर काम मिळणे कठीण आहे. जावा-पायथनच्या जागा कितीतरी अधिक निघतात. तेव्हा कॉलेजचा विषय सोडून कोणी यामागे लागू नये. तो सांभाळून आठवड्यात चार तास दिले तर सहा महिन्यांत हात बसतो, असा आमच्या वर्गाचा अनुभव आहे.

वर्ग रविवारी सकाळी नऊला भरतो. दोन यंत्रांवर सर्व अवजारे बसवून ठेवली आहेत. येताना दोन रकान्यांची वही आणावी.