घरच्या दप्तराची नवी पेटी

पूर्वीं घरांतील महत्त्वाचे कागद रुमालांत बांधून फडताळांत ठेवीत, आणि त्यांना भय असे तें वाळवीचें, कसरीचें व पावसाळी ओलीचें. आजच्या घराचें दप्तर संगणकांत गेलें आहे. खरेदीखतांच्या प्रती, मुलांच्या गुणपत्रिका, लग्नमुंजींचीं छायाचित्रें, आजीच्या आवाजांत मुद्रित करून ठेवलेल्या दोन ओव्या, हें सारें एका तबकडीवर असतें; आणि वाळवी जें काम चार पावसाळ्यांत करी, तें येथें एका क्षणांत होऊं शकतें. म्हणून संगणकाला बाहेरून जोडावयाची एक हार्ड डिस्क घ्यावी असा विचार पुष्कळ कुटुंबांत होतो. दुकानांत गेल्यावर मात्र प्रश्न विचारला जातो तो बहुधा एकच: कोणत्या कंपनीची चांगली?

हा प्रश्न गैर नव्हे, पण तो पहिला नव्हे. फिरत्या तबकडीच्या डिस्का बनविणाऱ्या मोठ्या कंपन्या जगांत आतां तीनच उरल्या आहेत: सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. पेटीवर नांव कोणाचेंही असो, आंतील यंत्र यांपैकींच कोणाचें तरी असतें. बॅकब्लेझ नांवाची अमेरिकन कंपनी आपल्या कोठारांतील डिस्कांच्या आयुष्याचा हिशेब २०१३ पासून प्रसिद्ध करीत आली आहे. त्या डिस्का घरगुती नव्हेत, अहोरात्र राबणाऱ्या आहेत. तरी तो हिशेब उद्बोधक आहे. वर्षाकाठीं शेंकडा एकदोन डिस्का निकामी होतात, आणि एकाच कंपनीचा एक नमुना दणकट तर दुसरा नाजूक असें आढळतें. तेव्हां नांवावर विसंबण्यापेक्षां यंत्र समजून घेणें अधिक फायद्याचें.

१९५६ सालीं आयबीएम कंपनीनें पहिली डिस्क बाजारांत आणली. तींत दोन दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, वजन सुमारें एक टन होतें, आणि एवढ्या धुडांत पन्नास लाख अक्षरें मावत. आजची डिस्क तळहातावर मावते, पण तत्त्व तेंच राहिलें आहे. चुंबकीय लेपाची तबकडी गरगर फिरते आणि तिच्यावरून वाचणारें व लिहिणारें शीर्ष तरंगत जातें. घरगुती डिस्केंत तबकडी मिनिटाला बहुधा ५४०० फेरे घेते; शीर्ष व तबकडी यांतील अंतर केंसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतें. अशी डिस्क चालू असतांना मेजावरून खालीं पडली तर काय होईल, हें श्रोत्यांच्या ध्यानांत आलेंच असेल. रोज पिशवींतून कचेरींत नेण्याची ही वस्तु नव्हे.

ज्यांना तसें नेणें भाग आहे, त्यांच्यासाठीं एसएसडी हा दुसरा प्रकार आहे. त्यांत हलणारा भाग मुळींच नाहीं, म्हणून ती धक्के सोसते व कामही फार वेगानें करते. परंतु तेवढ्याच जागेला पैसे अधिक पडतात. शिवाय तिच्यांतील मजकूर विद्युत्भाराच्या रूपानें साठविलेला असल्यामुळें, वर्षानुवर्षें वीज न दाखवितां ती कपाटांत पडून राहिली तर तो भार हळूहळू ओसरूं लागतो. एकदां भरून ठेवून विसरून जाण्यासाठीं ती योग्य नाहीं.

घरांत एके ठिकाणीं ठेवावयाची असेल तर अडीच इंची, फिरत्या तबकडीची डिस्क पुरेशी आहे. तिला संगणकाकडूनच वीज मिळते. साडेतीन इंची मोठीला वेगळी वीजजोडणी लागते, आणि वारंवार वीज जाणाऱ्या गांवीं लिहितां लिहितां ती अचानक बंद पडण्याचा धोका असतो. कांहीं लहान डिस्कांत यूएसबीची खांचच आंतील पाटीवर डाखलेली असते. ती मोडली कीं मजकूर सोडविणाऱ्या कारागिराचें काम अवघड होतें. आकड्यांचाही थोडा घोळ आहे. एक टेराबाइटची डिस्क विंडोज संगणकावर ९३१ गिगाबाइट दाखविते. ती फसवणूक नव्हे, मोजण्याच्या दोन रीतींतला फरक आहे. खरी फसवणूक असते ती सोळा टेराबाइट अवघ्या दोन हजार रुपयांत देऊं करणाऱ्या पेटींत. चार मेगाबाइटचें एक छायाचित्र धरलें, तर दोन टेराबाइटमध्यें अशीं पांच लाख छायाचित्रें राहतात. सामान्य घराला तेवढी जागा पुष्कळ झाली.

हमीविषयीं एक गैरसमज घरोघरीं दिसतो. तीन वर्षांची हमी म्हणजे मजकुराची हमी नव्हे. डिस्क बिघडली तर कंपनी दुसरी डिस्क देईल, पण ती कोरी असेल.

डिस्केंत स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवणारी 'स्मार्ट' नांवाची व्यवस्था असते. तिच्यावर किती भरंवसा ठेवावा? गूगलच्या संशोधकांनीं २००७ सालीं एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बिघडलेल्यांपैकीं निम्म्याहून अधिक डिस्कांनीं चार प्रमुख लक्षणांपैकीं एकही आधीं दाखविलें नव्हतें. उलट, तपासणींत पहिला दोष दिसलेली डिस्क ६० दिवसांत मोडण्याचा संभव, निर्दोष डिस्केच्या मानानें, ३९ पट आढळला. म्हणजे लक्षण दिसलें तर त्याच दिवशीं प्रत करावी. न दिसलें तर निर्धास्त मात्र होऊं नये.

यामुळेंच एक महाग डिस्क घेण्यापेक्षां दोन साध्या, आणि त्याही निरनिराळ्या कंपन्यांच्या, घेणें शहाणपणाचें ठरतें. पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकारानें रूढ केलेला नियम असा आहे कीं, मजकुराच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि एक प्रत घराबाहेर असावी. घरांतील डिस्कही काम झालें कीं रीतसर बंद करून काढून ठेवावी. २०१७ च्या मे महिन्यांत वॉनाक्राय नांवाच्या उपद्रवी कार्यक्रमानें जगभर संगणकांतील मजकुराला कुलपें घालून खंडणी मागितली, तेव्हां संगणकाला जोडून ठेवलेल्या डिस्काही त्याच्या तावडींतून सुटल्या नाहींत.

दुसरी डिस्क बहिणीच्या किंवा भावाच्या घरीं ठेवावी आणि दर दोनतीन महिन्यांनीं अदलाबदल करावी. कोकणांत व मुंबईंत ती ओल शोषणाऱ्या सिलिकाच्या पुडीसह झांकणाच्या डब्यांत असावी. दिवाळीच्या सुमारास फडताळें झाडतांना दोन्ही डिस्का जोडून त्यांतील चारदोन जुनीं छायाचित्रें आणि एखादें ध्वनिमुद्रण उघडून पाहावें. पांचसहा वर्षें झालेली डिस्क चालत असली तरी तिच्या जागीं नवी आणावी. जुनी फेकून न देतां तिच्यावर सालाची चिठ्ठी चिकटवून तिसरी प्रत म्हणून राहूं द्यावी.