वर्णक्रम आणि आज्ञावली
(शताब्दी समारंभातील भाषण)



सुलतान बाजार परिसरातील मराठी घरांतून आज अनेक मुलेमुली हायटेक सिटीत आज्ञावली लिहिण्याच्या नोकरीस जातात. १९६७ साली याच शहरात इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया स्थापन झाली व तिने संगणक बनविले. १९९८ साली सायबर टॉवर्सचे उद्घाटन झाले. दरम्यान संगणकाच्या भाषा कितीतरी बदलल्या. मग नवशिक्याने प्रथम शिकावे तरी काय? याचे उत्तर ग्रंथालयाच्या नित्याच्या कामातच सापडते.

समजा, नव्याने रुजू झालेल्या एखाद्या मुलीवर मराठी ग्रंथांची वर्णानुक्रमे यादी करण्याचे काम सोपविले. संगणक अक्षर जाणत नाही, अक्षराचा क्रमांक जाणतो. युनिकोड या जागतिक संकेतात ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच पाठोपाठ येतो, मराठी वर्णमालेत त्याचे स्थान ‘ह’नंतरचे. केवळ क्रमांकांवर विसंबल्यास ‘काळ’ हा शब्द ‘काव्य’च्या आधी येऊन बसतो. ‘क्ष’ तर तेथे एक अक्षरच नव्हे. क, हलन्तचिन्ह आणि ष अशा तीन खुणा. म्हणून ‘क्षितिज’ यादीच्या शेवटी न येता ‘ख’च्या आधी येते. यंत्र तक्रार करीत नाही. पण वाचक ‘ज्ञ’च्या आसपास शोधतो आणि ग्रंथ कपाटात असूनही रिकाम्या हाताने परततो.

भाषानिहाय वर्णक्रमाचे नियम आता तयार मिळतात. ते शोधण्याची गरज मात्र ग्रंथपालाशी चार शब्द बोलल्यावरच कळते. काम सुरू करण्यापूर्वी ते ज्याच्यासाठी आहे त्याला विचारावे, हा पहिला धडा. ‘वाचकाचा वेळ वाचवा’ हे सूत्र एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ सालीच ग्रंथालयांना दिले होते.

दुसरा धडा, आपल्यामागून येणाऱ्यासाठी लिहावे. जागा वाचविण्यासाठी पूर्वी संगणकात वर्षाचे दोनच अंक नोंदवीत. २००० साल जवळ आले तेव्हा जगभर जुन्या आज्ञावल्या ओळीओळीने वाचून दुरुस्त कराव्या लागल्या. पुष्कळदा त्या लिहिणारे तेथे उरले नव्हते.

ग्रंथालयाच्या जुन्या दाखलनोंदवहीत नोंद करणारा हातही आज नसतो. तरी नोंद सुवाच्य असल्यास पुस्तक मिळते. भाषा कोणतीही शिकावी. लिहावे मात्र त्या नोंदीसारखे.